उजव्या हाताने सोडलेली जागा

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फाइल उघडली, दोनदा बंद केली. एक तर मला लिहिता येत नाही. शाळेत निबंधात मी "यावरून आपल्याला असे दिसून येते की" इथपर्यंत पोचायचो आणि पुढे काहीच दिसून यायचं नाही. दुसरं म्हणजे गोष्ट आहे कीबोर्डच्या कडेच्या बटणांची. सांगायला गेलं की लोक दोन मिनिटांत मोबाइल काढून बघायला लागतात. पण त्या रविवारी कागदावर मी जे पाहिलं ते माझ्याशिवाय दोघांनाच माहीत आहे, आणि त्या दोघांपैकी कोणी लिहिणार नाही. म्हणून मी.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. शिकलो कुठेच नाही. बिघडवून शिकलो. आधी घरातला बिघडवला, मग शेजारच्यांचा, मग लोक आपणहून आणून द्यायला लागले.

गिझर माझा शाळेपासूनचा मित्र. खरं नाव त्याच्या ताईलाही आता फॉर्म भरतानाच आठवतं. त्याला राग यायला दहा मिनिटं लागतात, पण एकदा आला की हात लावायची सोय नाही, म्हणून गिझर. एका छापखान्यात तो आठ वर्षं डीटीपी करतोय. म्हणजे कोणाचाही मजकूर आला, पत्रिका असो की पुस्तक, की त्याची पानं लावायची. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर आणि अधूनमधून कीबोर्डवर. डाव्याने कंट्रोल किंवा शिफ्ट धरायचा, उजव्याने अक्षर मारायचं. मी कधी त्याच्या मागे उभा राहिलो तर मला पडद्यावर नेमकं काय झालं तेच कळायचं नाही. तक्ता नव्हता, तक्ता आहे. बस.

गेल्या वर्षी त्याची स्कूटर घसरली. हाड एकही मोडलं नाही. डाव्या खांद्यातल्या नसा मात्र ताणल्या गेल्या. खांदा तेवढा उचलता येतो, त्याच्या खाली सगळं सामसूम. डॉक्टर म्हणाले, नसा परत येतील किंवा नाही येणार, दोन वर्षं वाट बघू. चार महिने घरी बसून तो कामावर गेला, हात गळ्यातल्या झोळीत.

छापखान्याच्या मालकीणबाई वाईट नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "मी तुला काढत नाहीये. काउंटरवर बस. ऑर्डरी घे, लोकांशी बोल. तुला जमेल लोकांशी."

"बाई, मला लोक जमत नाहीत. म्हणून तर मी पानं लावतो."

"एका हाताने लावशील?"

"लावीन."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "पंधरा दिवसांनी त्या नळवाल्यांचा कॅटलॉग येतोय. अठ्ठेचाळीस पानं, सगळे तक्तेच तक्ते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. लावलास तर खुर्ची तुझी. नाही झालं तर मी दुसरा माणूस बघणार, आणि तू माझ्यावर राग धरायचा नाहीस."

तिथून तो थेट माझ्याकडे आला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "एका हाताने कंट्रोल, शिफ्ट आणि एक अक्षर एकदम कसं दाबायचं ते सांग."

"नाकाने."

"करून बघितलं. चष्मा आडवा येतो."

मी हसलो, तो नाही हसला. म्हणाला, "काउंटर वाईट नाही रे. पण मजकूर हातात आला की मला पान दिसतं. आधीच दिसतं. मग ते तसं लागेपर्यंत चैन पडत नाही. काउंटरवर बसून दुसऱ्याची वेडीवाकडी पानं बघत बसायचं म्हणजे मी महिन्याभरात कोणाचा तरी जीव घेईन."

आता इथे मला थोडं कीबोर्डबद्दल सांगावंच लागेल. लवकर उरकतो.

आपल्याला वाटतं बटण दाबलं की अक्षर जातं. नाही जात. बटण फक्त एवढंच सांगतं की अमुक नंबरचं बटण खाली गेलं, आणि नंतर, वर आलं. खाली गेलं, वर आलं. त्यावर "कंट्रोल" लिहिलंय म्हणून ते कंट्रोल नसतं, कॉम्प्युटरने तसं मानलंय म्हणून असतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा तास नुसता कीबोर्डकडे बघत बसलो होतो. म्हणजे सगळं मानण्यावर आहे. आणि मधे एक छोटा प्रोग्राम बसवला, तर काय मानायचं ते आपण ठरवू शकतो.

स्पेसबारच्या उजवीकडे तीन बटणं असतात. बहुतेकांनी ती जन्मात दाबलेली नसतात. मी ती तीन घेतली. कीबोर्ड डावीकडे सरकवला, म्हणजे ती बरोबर गिझरच्या अंगठ्याखाली आली. पहिल्याला टिचकी मारून सोडलं की मूळ मजकुराची खिडकी समोर, परत टिचकी की पानाची. धरून ठेवलं की चित्रांचा फोल्डर. दुसरं बटण शिफ्ट. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कंट्रोल. पण धरून ठेवायचा नाही. टिचकी मारून सोडायचा, मग तो थोडा वेळ जागा राहतो. तेवढ्यात जे अक्षर माराल त्याला तो चिकटतो, आणि मग झोपतो. एकाच हाताने आधी हे, मग ते. एकदम काहीच दाबायचं नाही.

किती वेळ जागा राहायचा हे मी ठरवलं. माझ्या बोटांवर करून बघितलं, साधारण एक तृतीयांश सेकंद भरपूर होता. भरपूर म्हणजे मला भरपूर. ही चूक माझी, आणि ती मला आठवडाभर कळली नाही.

छापखान्यात एक पद्धत आहे. पान तयार झालं की ते प्रूफकाकूंकडे जातं, आणि काकू ते मोठ्याने वाचतात. सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि जे छापलंय तेच वाचतात, जसंच्या तसं, चेहरा जराही न हलवता. एकदा कोणाच्या लग्नपत्रिकेत वराच्या वडिलांचं नाव दोनदा पडलं होतं, तेही त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जास्त आदराने.

तर गिझरने सरावाला नळवाल्यांचाच जुना कॅटलॉग घेतला, आणि काकूंनी वाचायला सुरुवात केली.

"तीन इंची कोपर म पितळी. दोन इंची कोपर म पितळी. झडप, म, गोल." काकू थांबल्या. "बाई, हा 'म' कुठल्या धातूचा असतो?"

सगळा हॉल हसला. गिझरचे कान लाल झाले.

झालं काय होतं, तो कंट्रोलला टिचकी मारायचा, पण अक्षर मारेपर्यंत माझा कंट्रोल झोपलेला असायचा. मग हुकूम न जाता नुसतं अक्षर पानात पडायचं, कॉपीच्या बटणावर मराठीत 'म' असतो, तो. दिसला की तो पुसायचा आणि हुकूम माउसने मेनूतून द्यायचा, तरी दर पानात तीन-चार राहून जायचे. ते शोधून काढायचे म्हणजे दुप्पट वेळ. पहिल्या दिवशी अकरा पानं झाली.

मी त्याला म्हणालो, "लवकर मार."

"मारतोय."

"टिचकी आणि लगेच अक्षर. टक-टक. असं बघ."

"मला ऐकू येतंय. मी पण टक-टकच मारतोय."

"तू टक, चहा, टक मारतोयस."

मी रोज दुपारी दुकान बंद करून तिथे जायचो आणि त्याच्या मागे उभा राहून टक-टक म्हणायचो. एकदा तर मी एका दिवसापुरता वेळ अजून कमी केला, त्याला न सांगता. म्हटलं, ताण दिला की हात पळेल. आता लिहिताना लाज वाटते. त्या दिवशी काकूंनी एका पानात नऊ 'म' वाचले, आणि नवव्याला त्यांचाही आवाज पडला.

शुक्रवारी दहा मिनिटं पूर्ण झाली. तो आवाज न चढवता म्हणाला, "तू मला पळवतोयस आणि मी पळतोय. पण तिथल्या तिथे. सोमवारी मी बाईंना सांगतो, काउंटर द्या."

"कॅटलॉग बुधवारी आहे."

"मग दोन दिवस आधीच सांगतो. त्यांना माणूस शोधायला बरं."

मी म्हणालो, "रविवारी सकाळी एक तास दे. शेवटचा."  गिझर नाही म्हणाला नाही म्हणजे हो.

खरं सांगतो, तो तास मी मदत करायला मागितला नव्हता. मी एक चार ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक बटण कधी खाली गेलं, कधी वर आलं, ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवणारा. त्याला छापून दाखवायचं होतं की बघ, इथे तू हळू आहेस. वाद संपवायचा होता. एवढाच माझा मोठेपणा.

रविवारी त्याच्या घरी गेलो. तो ताईकडे राहतो, म्हणजे अपघातानंतर तीच त्याला घेऊन आली. ताई धुतलेले कपडे घडी करत होती. मला बघून म्हणाली, "आलास? आज परत टक-टक का? काल झोपेत पण टक-टक म्हणत होता."

"ताई, आज मी गप्प बसणार आहे."

"बघू किती वेळ."

गिझर खोलीत खिडकीपाशी घरच्या कॉम्प्युटरवर काम करायला लागला, त्यावरही मी तीच बटणं बसवून दिली होती. मी खरंच गप्प बसलो. पाऊण तासाने नोंदी छापून घेतल्या आणि बाहेरच्या टेबलावर कागद पसरला.

आधी साधी अक्षरं बघितली. एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत एकशे वीस, एकशे तीस, एकशे पंधरा. म्हणजे हजाराव्या भागात. हा माणूस हळू नव्हता. एका हाताने तो माझ्यापेक्षा जलद होता. मला हे बघून फारसं बरं वाटलं नाही.

मग कंट्रोलच्या टिचकीपासून पुढच्या अक्षरापर्यंतचा रकाना बघितला.

चारशे बारा. चारशे पाच. चारशे अठरा. चारशे नऊ. चारशे अकरा. चारशे चौदा.

मी कागद जवळ घेतला. पानभर तेच. हळू माणसाचे आकडे असे नसतात. हळू माणूस बटण शोधतो, म्हणून कधी दोनशे, कधी नऊशे. माझे स्वतःचे आकडे मी आदल्या दिवशी काढले होते, ते फुटलेल्या डब्यातल्या खिळ्यांसारखे होते, एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही. आणि इथे एक माणूस शंभर-दीडशे वेळा थांबत होता, आणि दर वेळी तेवढंच थांबत होता. दमला असेल तेव्हाही तेवढंच. चिडला असेल तेव्हाही. फक्त कंट्रोलनंतर. कशाची तरी वाट बघितल्यासारखं.

मी उठून खोलीच्या दारात उभा राहिलो. तो पाठमोरा होता. या खेपेला मी हाताकडे बघितलंच नाही, सगळ्या माणसाकडे बघितलं.

उजव्या अंगठ्याने टिचकी मारली. आणि डावा खांदा उचलला गेला. अगदी थोडा, शर्टची शिवण हलेल इतका. वर गेला, पोचला, आणि तो पोचला त्या क्षणी उजव्या बोटाने अक्षर मारलं.

परत टिचकी. खांदा. अक्षर.

परत.

 डावा हात झोळीत पडलेला होता, बोटं वळलेली, पण तो कामावर होता. कोणीतरी आतून त्याला अजून सांगत होतं, जा, कंट्रोल धर. आणि उजवा हात, ज्याला मी आठवडाभर पळवत होतो, तो त्याच्यासाठी थांबत होता. आठ वर्षांची सवय. तो पोचल्याशिवाय आपण मारायचं नाही.

ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. हळू आवाजात म्हणाली, "खांदा बघतोयस ना?"

"तुला माहीत होतं?"

"सकाळी शर्टाच्या गुंड्या लावते ना मी त्याच्या. प्रत्येक गुंडीला तो खांदा उचलतो. मी म्हणते, अरे मी लावतेय, तू कशाला उठतोस." तिने हातातल्या शर्टाची घडी घातली. "त्याला कळत नाही तो उचलतोय ते. मी एकदाच बोलले, मग नाही बोलले."

हे शास्त्रात बसतं की नाही मला माहीत नाही. डॉक्टरला विचारायला पाहिजे. मला एवढंच माहीत आहे की मी शेकडो मशिनं उघडलीत, आणि इतकं नेमकं चालणारं काही कधी बघितलेलं नाही.

मी आत गेलो, त्याला जरा उठवलं, आणि एक आकडा बदलला. साडेतीनशे होता तिथे सातशे लिहिले. परत टिचकी मारली की कंट्रोल आपणहून झोपेल अशी एक ओळ घातली, चुकून जागा राहायला नको म्हणून. दोन मिनिटांचं काम. सोमवारी छापखान्यातल्या कॉम्प्युटरवरही तेच केलं.

"काय केलंस?" तो म्हणाला.

"माझी चूक होती. कंट्रोल फार लवकर झोपत होता. आता तू तुझ्या चालीने मार."

"टक-टक नको?"

"टक-टक गेलं खड्ड्यात."

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. आठवडाभर बोंबलणारा माणूस दोन मिनिटांत चूक मान्य करतो म्हणजे काहीतरी भानगड आहे असं त्याला वाटलं. पण खांद्याचं मी सांगितलं नाही. ताईलाही सांगू नको म्हणालो. मला भीती होती, कळलं की तो त्याकडे लक्ष द्यायला लागेल, आणि लक्ष दिलं की ते बिघडेल. जिना उतरताना कुठला पाय आधी याचा विचार केला की माणूस पडतो, तसं.

बुधवारी मी प्रिंटर दुरुस्त करायचं निमित्त काढून नऊ वाजता छापखान्यात हजर. प्रिंटरला काही झालेलं नव्हतं. मी तो तीनदा उघडला आणि तीनदा लावला.

बाराला दहा कमी असताना पंधरा पानं झाली होती. बाई एकदा येऊन घड्याळाकडे बघून गेल्या. मी मनात भागाकार केला, जेवणाचा तास वजा जाता अशाने संध्याकाळी बेचाळीस-त्रेचाळीस होत होती.  काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून स्क्रू पिळत बसलो.

जेवणानंतर काहीतरी बदललं. त्याने घाई केली नाही, उलट चाल तीच राहिली. पण मधली अडखळ गेली. आधी तो प्रत्येक हुकमानंतर पानात भलतं अक्षर पडलंय का ते बघायचा. आता बघेनासा झाला. टिचकी, जागा, अक्षर. टिचकी, जागा, अक्षर. खिडकी बदलली, मजकूर उचलला, खिडकी बदलली, तक्त्यात टाकला. आवाजच ऐकत राहावासा. त्या मधल्या मोकळ्या जागेतच सगळी गंमत होती, ती होती म्हणून बाकीचं बसत होतं. आणि मला मागून खांदा दिसत होता, दर वेळी वर जाणारा. अख्ख्या हॉलमध्ये मला एकट्यालाच दिसत होतं की तिथे दोन्ही हातांनी काम चाललंय.

काकू वाचत होत्या. "दीड इंची जोड, पितळी. दोन इंची जोड, पितळी." पानामागून पान. एकतिसाव्या पानावर त्या मधेच थांबल्या. मशिनवरच्या माणसाने मान वर केली, बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, गिझरचं बोट हवेत राहिलं.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "अडीच इंची जोड, पितळी," त्या म्हणाल्या. "काय झालं? सगळे माझ्याकडे का बघताय?"

सहाला बारा मिनिटं कमी असताना अठ्ठेचाळिसावं पान त्यांच्या हातात पडलं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग खालचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा वाचला, आणि कागद उलटा ठेवला. "मला आज काहीच सापडलं नाही. दिवस फुकट गेला."

बाई गिझरच्या टेबलापाशी आल्या. शेवटचं पान उचलून उजेडात धरलं, परत ठेवलं. "ती खुर्ची करकरते," त्या म्हणाल्या. "उद्या दुरुस्त करून घे. तुलाच बसायचंय तिच्यावर." आणि गेल्या.

गिझरने उजवा तळहात मांडीवर पुसला.

सगळे निघून गेल्यावर मी खिशातून रविवारचा कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. आकडे दाखवले. मग खांद्याचं सांगितलं. मी बोलत असताना तो माझ्याकडे न बघता कागदाकडेच बघत होता. चारशे बारा, चारशे पाच. बोटाने एकेक ओळ उतरत गेला.

"म्हणजे तो येतो," तो शेवटी म्हणाला.

"दर वेळी."

"आणि मी थांबतो."

"दर वेळी तेवढाच. मी मोजलंय."

त्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, जसं आपण गाडीत शेजारी झोपलेल्या माणसाकडे बघतो, उठवू की नको असं. मग अंगठ्याने हळूच कंट्रोलला टिचकी मारली. खांदा उचलला गेला. या वेळी त्याला कळलं. त्याने अक्षर मारलंच नाही, नुसता बसून राहिला, आणि थोड्या वेळाने कंट्रोल आपोआप झोपला.

अशा वेळी मी कामाचं बोलतो. म्हणालो, "आता अजून वेग वाढवता येईल. डावीकडची बटणं रिकामीच पडलीत. कंट्रोल, शिफ्ट, सगळी. त्यांच्यावर मी नवीन काहीतरी बसवतो, उजव्या हाताने तिथे जाता येईल, अवघड नाही—"

"त्यांना हात लावू नकोस."

"अरे, पण वापरात नाहीत."

"आहेत," गिझर म्हणाला. "मोजलंयस ना तू?"

मी कीबोर्डकडे नेलेला हात मागे घेतला.

"जागा पण कमी करायची नाही. उद्या मी बाहेर जाईन, तू लाडात येऊन आकडा कमी करशील, सुधारणा म्हणून. मी ओळखतो तुला."

"नाही करणार."

"नीट सांग."

मग मी नीट सांगितलं. त्याच्या कीबोर्डवरची डावी बाजू आहे तशीच राहील, कंट्रोल कंट्रोलच राहील आणि शिफ्ट शिफ्टच, आणि तो मधला वेळ मी त्याला विचारल्याशिवाय एका हजाराव्या भागानेही कमी करणार नाही. दोन वर्षं झाली तरी नाही, डॉक्टर काही म्हणाले तरी नाही. आणि त्याने स्वतः सांगितलं तरी मी त्याला दोनदा विचारीन.